स्वतंत्र मोतद्दाराचा दर: घोडेबाजारात आणि स्पर्धांत मजुरी कशी ठरवावी

मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते आणि तापीकाठी घोड्यांचा बाजार उभा राहतो. मारवाड, काठियावाड, पंजाब आणि उत्तर प्रदेशापासून घोडे येतात, आणि खरेदी-विक्रीच्या जोडीला रूप, चाल, नाच आणि शर्यत यांच्या स्पर्धाही होतात. दूरच्या मोठ्या पागांबरोबर त्यांचे पगारी मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारी माणसे, येतात. पण शिरपूर, चोपडा, अमळनेर किंवा शिंदखेडा भागातला एक-दोन घोडे हौसेने पाळणारा शेतकरी वर्षभर घरच्याच माणसावर भागवतो आणि घोडा मैदानात उतरवायची वेळ आली की त्याला जाणता हात शोधावा लागतो. हा हात बहुधा ओळखीतून मिळतो आणि त्याच्या मजुरीचे बोलणे ओळखीमुळेच अर्धवट राहते. मालक म्हणतो, “घरचंच काम समज,” मोतद्दार म्हणतो, “द्या बापू, समजून काय ते,” आणि यात्रा संपताना दोघांच्याही मनात वेगळाच आकडा असतो.

असे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या, म्हणजे कोणत्याही एका पागेच्या पगारावर नसलेल्या मोतद्दारासाठी हे मार्गदर्शन आहे. मालकानेही ते वाचायला हरकत नाही, कारण रास्त दर म्हणजे केवळ चढा दर नव्हे. कशाचे किती पैसे घेतले हे सांगता येते आणि पुढच्या यात्रेला त्याच मालकाकडे त्याच हिशोबाने उभे राहता येते, तो दर रास्त.

घोड्याच्या किमतीवर दर बसवू नये

बाजारात घोड्यांच्या किमती लाखांत बोलल्या जातात आणि त्या ऐकून मोतद्दारालाही आपला दर घोड्याच्या मोलावर लावण्याचा मोह होतो: घोडा महाग, तर मजुरीही महाग. हा मार्ग सोपा दिसत असला तरी तो दोन्ही बाजूंनी फसवा आहे. पन्नास हजारांचे तट्टू आणि वीस लाखांचा मारवाडी नर यांच्या अंगावरून खरारा फिरवायला लागणारा वेळ किमतीप्रमाणे बदलत नाही. तो बदलतो रंगाप्रमाणे, केसांच्या लांबीप्रमाणे, स्वभावाप्रमाणे आणि घोडा आधी किती नीट ठेवला होता त्याप्रमाणे. शिवाय बाजारात सांगितलेली किंमत आणि सुटलेला सौदा यांत पुष्कळ अंतर असते, आणि खरा आकडा अनेकदा रुमालाखाली बोटांच्या खुणांनीच ठरत असल्यामुळे तो मोतद्दाराला कळतही नाही. जो आकडा आपल्याला ठाऊक नाही त्यावर आपली मजुरी टांगून ठेवण्यात अर्थ नाही.

बक्षिसाच्या रकमेत वाटा मागण्याचेही तसेच आहे. घोडा पहिला येतो तो आपल्या बांध्याने, कानांनी, मानेने, पायांनी आणि चालीने; स्वच्छता आणि सजावट त्याचे रूप खुलवते, पण नसलेले रूप आणत नाही. मालकाने आनंदाने बक्षीस दिले तर ते जरूर घ्यावे, मात्र मजुरीच्या बोलण्यात ते धरू नये आणि ते मिळणार म्हणून मजुरी कमीही करू नये. “नंबर आला तर दुप्पट देऊ, नाही आला तर निम्मे” अशी बोली जो मालक लावतो, तो आपल्या नशिबाची जोखीम मोतद्दाराच्या अंगावर टाकत असतो.

दर बसवायचा तो आपल्या तासांवर, आपल्या खर्चावर आणि अंगावर घेतलेल्या जोखमीवर. बाजारात बाकीचे काय घेतात हे त्यानंतर पाहावे, आधी नाही.

आधी वेळ मोजावा

आपल्याला एका घोड्याला किती वेळ लागतो, असे विचारले तर बहुतेक जण लागतो त्यापेक्षा कमी सांगतात, कारण ते फक्त हात चालू असलेला वेळ धरतात. पाणी आणणे, घोडा सुकण्याची वाट पाहणे, अनोळखी घोड्याला हाताची सवय होऊ देणे, मैदानाच्या फाटकापाशी ताटकळत उभे राहणे हा सगळा वेळ त्यांच्या गणतीतून सुटतो. हंगामाआधी घरी किंवा ओळखीच्या तबेल्यात दोन-तीन वेगवेगळ्या घोड्यांवर घड्याळ लावून पूर्ण काम करून पाहावे आणि प्रत्येक टप्प्याची नोंद वहीत करावी.

पांढऱ्या नुकऱ्या घोडीचेच पाहा. ती रात्री लिदीवर बसली की मागच्या पायाच्या ढोपरापाशी आणि कुशीवर पिवळसर हिरवा डाग उमटतो. तो कोरड्या ब्रशाने निघत नाही. जोराने घासले तर केसांखालची गुलाबी कातडी लाल होते आणि पांढऱ्या अंगावर तो लाल पट्टा डागापेक्षाही जास्त दिसतो. डागावर कोमट पाण्याचे ओले फडके काही वेळ धरावे लागते, मग घोड्यांसाठीचा सौम्य शांपू लावून बोटांनी केसांच्या मुळापर्यंत चोळावे लागते, धुवावे लागते आणि बहुतेक वेळा हे सगळे पुन्हा एकदा करावे लागते. शांपू नीट निघाला नाही तर सुकल्यावर तिथे कोंड्यासारखी पापडी धरते. त्यातून मार्गशीर्षातली तापीकाठची पहाट अशी असते की त्या वेळी घोड्याला पूर्ण न्हाऊ घालणे त्याच्या प्रकृतीला बरे नाही. म्हणून अंघोळ आदल्या दिवशी उन्हे असताना उरकावी लागते, पाणी निथळवून अंग कोरडे केल्यावर झूल घालावी लागते, शेपटीला पट्टी बांधावी लागते, खाली कोरडी वैरण पसरावी लागते आणि रात्री एक-दोनदा उठून लीद उचलावी लागते. इतके करूनही सकाळी एखादा डाग असतोच आणि तो ओल्या फडक्याने टिपावा लागतो. सकाळी नऊच्या स्पर्धेचे काम अशा रीतीने आदल्या दुपारी सुरू झालेले असते, आणि “सकाळचं दोन तासांचं काम” म्हणून ठरवलेला दर इथेच तोट्यात जातो.

कुमेत (तांबूस तपकिरी) किंवा मुश्की (काळ्या) घोड्याला याच्या बराच कमी वेळ लागतो, पण त्याच्या अंगावर धूळ आणि साबणाचे राहिलेले थर चटकन दिसतात, म्हणून त्याला न्हाऊ घालण्यापेक्षा खरारा आणि शेवटी कापडाने केलेली घासणी यांवर जास्त वेळ द्यावा लागतो. पहिल्यांदाच बाजार पाहणारा वछेरा (कमी वयाचा घोडा) केस कापायच्या यंत्राच्या आवाजाला बिचकतो. त्याच्या कानांजवळ कात्री न्यायलाच अर्धा तास जातो. आयाळ आणि शेपूट वर्षभर विंचरलेली नसेल तर तिच्या गाठी बोटांनी सोडवाव्या लागतात, कारण फणी ओढली की केस तुटतात आणि तुटलेले केस भरून यायला कित्येक महिने लागतात. खुरांना तेल लावायचे ते मैदानाच्या फाटकाशी, अगदी शेवटी, कारण आधी लावलेल्या तेलावर यात्रेची धूळ बसून खूर पूर्वीपेक्षा मळकट दिसतात. हे टप्पे ज्याने मोजले आहेत त्याला मालकाशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही.

दिवसाचा आकडा कसा काढावा

आता हिशोबाकडे वळू. पुढचे आकडे केवळ गणित कसे मांडावे हे दाखवण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा, शिरपूरकडचा एक मोतद्दार सारंगखेड्याला पाच दिवस कामाला जाणार आहे. या कसबाच्या कामाला दिवसाकाठी एक हजार रुपये तरी घरी नेता यावेत, अशी त्याची अपेक्षा आहे. हा आकडा ठरवताना त्याने पाहायचे ते इतकेच की, तेच दिवस त्याने कापसाच्या वेचणीला, रब्बीच्या कामाला किंवा लग्नाच्या वरातीत घोडीबरोबर घालवले असते तर किती मिळाले असते, आणि त्यावर आपल्या कौशल्याचे किती धरायचे. जाण्याचा आणि परतण्याचा अर्धा-अर्धा दिवस धरला तर पाच दिवसांच्या कामासाठी त्याचे सहा दिवस मोडतात. म्हणजे सहा हजार रुपये पाच दिवसांत निघाले पाहिजेत, आणि दिवसाला बाराशे पडले पाहिजेत. दर ठरवताना सर्वांत जास्त विसरला जातो तो हाच मोडलेला सहावा दिवस.

त्याच्याजवळ खरारा, मऊ ब्रश, फणी, खूर साफ करायची आकडी, कात्र्या, स्पंज, बादल्या, पट्ट्या आणि बॅटरीवर चालणारे केस कापायचे यंत्र मिळून पंधरा हजारांचे साहित्य आहे आणि ते तीन वर्षे टिकते असे धरू. वर्षाला पाच हजार झाले, आणि वर्षात अशा कामाचे पन्नास दिवस मिळत असतील तर दिवसाला शंभर रुपये साहित्याचे पडले. येण्याजाण्याचे चारशे रुपये पाच दिवसांवर वाटले तर ऐंशी. जेवण आणि चहा अडीचशे. यात्रेत दर चढे असतात, तिथे घरचा हिशोब चालत नाही. फोन, विमा, मलमपट्टी यांचे तीस. बेरीज होते १,६६० रुपये. ठरलेले काम ऐनवेळी रद्द होणे, एखाद्याकडे पैसे अडकणे यासाठी दहा टक्के म्हणजे १६६ रुपये मिळवले की १,८२६, आणि सांगायला सोपे म्हणून १,८५०.

हा आपला दिवसाचा आकडा. मालक दोन वेळचे जेवण देणार असेल तर अडीचशे वजा करून पुन्हा दहा टक्के लावावेत. तो आकडा साधारण १,५५० येतो. “जेवण आमच्याकडं” म्हणत मालकाने जेवणाच्या किमतीपेक्षा जास्त घासाघीस करू नये, आणि मोतद्दारानेही जेवण मिळत असताना ते दरात धरून ठेवू नये.

नऊ तासांचा दिवस धरला तर तासाला सुमारे २०५ रुपये पडतात. गडद रंगाच्या शांत घोड्याच्या संपूर्ण तयारीला तीन तास लागत असतील, तर त्याची मजुरी सुमारे ६१५ आणि शांपू-तेलाचे ६० धरून ६७५ रुपये होते. नुकऱ्या घोडीला साडेचार तास आणि जास्त साबण लागत असेल तर मजुरी ९२५, वर १०० साहित्याचे, म्हणजे १,०२५ रुपये. “पांढऱ्याला जास्त का?” असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर इथे तयार आहे. नुसते आयाळ नीट करणे किंवा पायांवरचे केस कापणे अशा किरकोळ कामालाही एका तासापेक्षा कमी पैसे घेऊ नयेत, कारण पेटी उघडणे, घोड्याशी ओळख करणे आणि हत्यारे पुन्हा धुऊन ठेवणे हे प्रत्येक कामात येतेच.

रोजाने, उक्ते आणि रात्रीची राखण

खान्देशात मजुरी ठरवण्याच्या रीती शेतीतून आल्या आहेत: रोजंदारी, उक्ते (पूर्ण कामाचा एकच ठरलेला आकडा) आणि वर्षाचा सालदार, ज्याची बोली आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास होते. यात्रेच्या कामात पहिल्या दोन्ही रीती चालतात, पण कोणती कुठे लावायची हे कामावर अवलंबून आहे. घोडा विक्रीसाठी बांधलेला असेल आणि गिऱ्हाईक येईल तेव्हा तो स्वच्छ, चकचकीत दिसावा एवढीच गरज असेल, तर रोजाने काम घ्यावे, कारण गिऱ्हाईक किती येतील आणि घोडा किती वेळा फिरवून दाखवावा लागेल याचा अंदाज कोणालाच नसतो. एका ठरलेल्या स्पर्धेसाठी घोडा तयार करून द्यायचा असेल तर उक्ते घ्यावे. त्यात काम कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे दोघांनाही दिसते. उक्ते काम चोख आणि भरभर करणाऱ्याचा फायदा होतो आणि तो त्याचा हक्क आहे. त्याच्याकडे वेळ उरला म्हणून मालकाने आणखी एक घोडा पुढे करणे बरोबर नाही.

रात्रीची राखण हे स्वतंत्र काम आहे आणि माझ्या मते मोतद्दार सर्वांत जास्त फसतो तो इथेच. तो घोड्यापाशीच झोपतो, म्हणून राखण फुकटात धरली जाते. वास्तविक घोडा पिछाडीत (मागचे पाय बांधायच्या दोरीत) पाय अडकवतो, शेजारचा नर घोडीच्या वासाने उधळतो, पोटात दुखू लागले तर घोडा घाम सुटून सारखा पोटाकडे मान वळवतो आणि लोळू पाहतो. हे सगळे वेळेवर पाहणारा माणूस जागा असावा लागतो. राखणीचे दिवसाच्या निम्मे तरी घ्यावेत. रात्रभर जागून पहाटे चार वाजता त्याच माणसाने स्पर्धेचा घोडा तयार करावा अशी अपेक्षा असेल, तर सोबतीला दुसरा माणूस लागेल हे आधीच सांगावे. तो माणूस आपण आणला तर त्याची मजुरी आपल्या दरात धरावी आणि त्याला रोजच्या रोज द्यावी; “शिकायला मिळतंय ना” म्हणून गावातल्या पोराला चहा-नाश्त्यावर राबवणारा मोतद्दार मालकाकडे रास्त दर कोणत्या तोंडाने मागणार? चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणे तर कायद्यानेच गुन्हा आहे.

एकच मालक पाचही दिवस दोन घोड्यांचे काम देत असेल तर तो सूट मागणारच आणि ती द्यावीही, पण ती तासांत द्यावी, तासाच्या दरात नाही. पहिल्या दिवशी पूर्ण अंघोळ आणि केसांचे काम झाले की पुढचे दिवस खरारा, खुरांची सफाई आणि डाग टिपणे एवढ्यावर भागते. त्या दिवसांचे तास कमी, म्हणून पैसे कमी. दर एकदा पाडला की तो पाडलेला आकडाच संध्याकाळपर्यंत शेजारच्या तंबूत पोहोचतो.

बोलणी

मालकाचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: “सगळं मिळून किती?” त्याला एका आकड्यात उत्तर देऊ नये. आधी घोडा पाहावा, अंगावरून हात फिरवावा, पाय उचलू देतो का ते पाहावे, रंग आणि केस पाहावेत, कोणत्या दिवशी कोणती स्पर्धा आहे ते विचारावे आणि मग सांगावे. फोनवर बोलणे होत असेल तर घोड्याची चित्रफीत मागवावी, आणि तरीही “घोडा पाहून पक्कं करू” एवढी जागा ठेवावी.

ठरल्यावर ते त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवावे. नात्यात किंवा गावात लिहिणे संकोचाचे वाटते, पण लिहिल्याने नाते बिघडत नाही. न लिहिल्याने बिघडते. मजकूर इतका साधा असावा:

“नाना, नमस्कार. ठरल्याप्रमाणे नुकरी घोडी आणि कुमेत वछेरा, दोघांचे काम यात्रेचे पाच दिवस मी करीन. दिवसाला १,८५०, जेवण माझे. शांपू, तेल, पट्ट्या यांचा खर्च वेगळा, बिलाप्रमाणे. रात्रीची राखण यात नाही. हवी असल्यास रात्रीला ९२५. आयाळ कापायची नाही, फक्त विंचरायची, हे लक्षात आहे. पहिल्या दिवसाचे पैसे आगाऊ, बाकी शेवटच्या दिवशी घोडे गाडीत चढवण्याआधी. घोडी मध्येच विकली गेली तर तो दिवस पूर्ण आणि पुढचा एक दिवस धरायचा.”

यातले शेवटचे वाक्य फक्त घोडेबाजारातच लागते आणि ते बहुधा कोणी बोलत नाही. मालक घोडा विकायलाच आलेला असतो. दुसऱ्या दिवशी सौदा झाला की घोडा गाडीत चढतो आणि पाच दिवसांसाठी दुसरे काम नाकारलेला मोतद्दार रिकामा राहतो. पाचही दिवसांचे पैसे मागणे मालकाला जाचक होईल आणि काहीच न मागणे आपल्याला. विक्रीनंतरचा एक दिवस धरणे ही मधली वाट दोघांना पटते, कारण यात्रेत एका दिवसात दुसरे काम मिळू शकते. उरलेला दुसरा घोडा असेल तर त्याच्या तासांप्रमाणे पुढचा हिशोब करावा. नवा मालक त्याच मोतद्दाराला ठेवू इच्छित असेल तर त्याच्याशी बोली नव्याने करावी. जुन्या मालकाने आपल्या वतीने काय कबूल केले यावर विसंबू नये.

आयाळीविषयीचे वाक्यही सोडू नये. केस कापणे हे न परतवता येणारे काम आहे, आणि कोणत्या जातीच्या घोड्याची आयाळ कशी ठेवायची याबद्दल प्रत्येक मालकाची पक्की मते असतात. कानांच्या आतले केस मी तर मालकाने सांगूनही साफ उडवत नाही; कानात किडे आणि धूळ जाऊ नये म्हणूनच ते असतात, आणि कडेने नीट केले तरी रूप पुरेसे उठून दिसते.

आगाऊ रक्कम म्हणजे इसार (काम पक्के केल्याची रक्कम), उचल (फेडायचे आगाऊ पैसे) नव्हे, हे दोघांनीही ध्यानात ठेवावे. इसार एका दिवसाचा पुरे. सगळी मजुरी आधी मागणाऱ्यावर मालकाचा विश्वास बसत नाही आणि सगळी शेवटी घेणाऱ्याचे पैसे “गावाकडं आलास की देतो” या वाक्यावर अडकतात. यूपीआयने घेतलेल्या रकमेची नोंद आपोआप राहते. रोख घेतली तर त्याच मजकुराखाली “एवढे मिळाले” असे लिहून पाठवावे. एखाद्या मोठ्या पागेने बिल मागितले तर नाव, तारीख, काम, रक्कम आणि पॅन क्रमांक लिहिलेला कागद पुरतो; सेवांसाठी जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेल्यावर लागते आणि एकट्या मोतद्दाराला तिथवर पोहोचायला पुष्कळ अवकाश आहे.

ज्याला दरच नाही अशी कामे

काही कामांचा दर सांगायचाच नाही. जुन्या जखमेचा पांढरा डाग रंगाने झाकणे, कुमेताला काळे करून मुश्की म्हणून उभे करणे, अशुभ समजला जाणारा अंगावरच्या केसांचा भोवरा कापून दिसेनासा करणे असे सुचवणारा मालक किंवा दलाल बाजारात भेटतो आणि तो पैसेही सढळ हाताने देऊ करतो. पहिल्या पावसात रंग उतरला की विकत घेणारा माणूस फसवणाऱ्याला शोधतो आणि त्याला आधी आठवतो तो घोड्याजवळ उभा असलेला मोतद्दार. भोवऱ्याच्या शुभाशुभावर आपला विश्वास असो वा नसो, घेणाऱ्याचा असतो, आणि ते लपवणे म्हणजे त्याला फसवणेच. त्याच कारणाने विक्रीत दलाली घेऊ नये. ज्याला सौद्यातून वाटा मिळतो त्याचा “घोडा चांगला आहे” हा शब्द कोणी खरा मानत नाही, आणि मोतद्दाराच्या शब्दाला बाजारात असलेले वजन हीच त्याची पुढच्या वर्षीची कमाई असते.

बिथरलेल्या घोड्याला शांत करण्याचे इंजेक्शन देणे, पोटदुखीवर औषध पाजणे ही नोंदणीकृत पशुवैद्यकाची कामे आहेत. नाल सैल झाली असेल तर नालबंदाला बोलवावे. मोतद्दाराने लक्षण ओळखून वेळेवर सांगायचे. तेवढे त्याच्या दरात आलेच.

जोखीम

लाथ मारणारा, चावणारा किंवा कधीच न हाताळलेला नर असेल तर दिवसाच्या दरावर चौथाई वाढवून मागण्यात गैर काही नाही, मात्र ते घोडा पाहून लगेच सांगावे, लाथ बसल्यावर नव्हे. कामाच्या वेळी मार लागला तर पहिल्या उपचाराचा खर्च मालकाचा, आणि मोतद्दाराच्या निष्काळजीपणाने घोड्याला इजा झाली तर त्या दिवसाची मजुरी सोडायची, असे साधे बोलणे आधीच करून ठेवावे. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला वीस रुपये जातात आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचे संरक्षण मिळते. १८ ते ७० वयाच्या कोणालाही ती घेता येते. घोड्याच्या मागे उभे राहून पोट भरणाऱ्याने ती न घेण्याचे काही कारण दिसत नाही.

रोगाचा भाग जास्त गंभीर आहे. ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग घोड्याकडून माणसाला होऊ शकतो. तो २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याखाली अधिसूचित आहे आणि बाधित घोडा नष्ट करावा लागतो. म्हणून काम घेताना घोड्याच्या रक्ततपासणीचा दाखला दाखवायला सांगावा आणि नाकातून घट्ट, पिवळा स्राव येणाऱ्या किंवा अंगावर गाठी-व्रण असलेल्या घोड्याला दर कितीही चांगला असला तरी हात लावू नये, पशुवैद्यकाला कळवावे. गजकर्णासारखे कातडीचे रोग तर ब्रशावरूनच एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जातात. शक्यतो मालकाचाच खरारा आणि स्पंज वापरावा, आपला वापरायचा असेल तर दोन घोड्यांच्या मध्ये तो जंतुनाशकाने धुऊन उन्हात वाळवावा. या धुण्याला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून तो वरच्या साहित्याच्या खर्चात धरलेला असावा. स्वस्तात दिवसाला सहा घोडे करणारा नेमके हेच टाळून स्वस्त झालेला असतो, हे मालकांनाही सांगायला हरकत नाही.

इतरांचे दर आणि आपली वाढ

आपला आकडा काढून झाल्यावर बाजारात फिरून चार जणांना विचारावे. आपला आकडा सगळ्यांपेक्षा खूप वर असेल तर तास तपासावेत: कदाचित आपण सावकाश काम करतो, कदाचित प्रवासच फार आहे. दोंडाईच्याहून येणाऱ्या आणि भुसावळहून येणाऱ्या मोतद्दाराचा खर्च एक नसतो, आणि लांबून येणाऱ्याने पाचाऐवजी दहा दिवसांचे काम धरले तरच त्याचा दर जुळतो. आपला आकडा सगळ्यांपेक्षा खाली असेल तर आपण बहुधा काहीतरी मोजायचे विसरलो आहोत. ओळखीच्या चार-पाच मोतद्दारांनी एकत्र बसून “याच्या खाली कोणी जायचं नाही” एवढे ठरवले तरी नवख्या पोरांचे भले होते. मात्र वरचा दर ज्याचा त्याने आपल्या हातावर ठरवावा.

हंगामाचाही विचार हवा. पुष्करचा मेळा कार्तिकी पौर्णिमेला, सारंगखेडा मार्गशीर्षात, त्यानंतर त्याच महिन्याच्या अखेरीस नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा, आणि तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेली लग्नसराई हे सगळे एकमेकांना खेटून येते. या दोन महिन्यांत हात कमी आणि घोडे जास्त असतात, म्हणून दर थोडा चढतो. पण आधी कबूल केलेल्या मालकाला ऐन यात्रेत वाढीव आकडा सांगणे हा त्याचा उपयोग नव्हे. वाढ करायची ती दिवाळीच्या आधी, जुन्या प्रत्येक मालकाला फोन करून, कारणासह सांगावी: साहित्य इतके महागले, प्रवास इतका वाढला, आता दिवसाला एवढे. जुन्या मालकाला पटले नाही तर त्याला दुसरा माणूस शोधायला महिनाभर मिळतो आणि आपल्यालाही दुसरे काम धरता येते. यात्रा संपल्यावर त्याच आठवड्यात वही उघडून कोणत्या घोड्याला धरलेल्यापेक्षा किती जास्त वेळ गेला, कोणाकडून पैसे किती दिवसांनी आले आणि कोणत्या खर्चाचा अंदाज चुकला ते लिहून काढावे. पुढच्या वर्षीचा आकडा त्या पानावरून काढायचा असतो.